दारू, महसूल आणि घरातील मारहाण: पालघर ते शहादा

१/ बोईसर-तारापूर म्हटले की कारखाने आणि १९६९ मध्ये सुरू झालेले अणुऊर्जा केंद्र आठवते. परंतु शंभर वर्षांपूर्वी पालघरच्याच किनाऱ्यावरून दारूविरुद्ध एक विलक्षण लाट उठली होती. दारू आणि घरातील मारहाण यांचे नाते समजण्यासाठी तो इतिहास पाहावा लागतो. #धागा

२/ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील या भागात (पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी) ताडी आणि मोहाची दारू पूर्वापार होती. सण, लग्न, देवकार्य यांत तिला मान होता. ती घरीच गाळली जाई. तिच्यासाठी रोख पैसा लागत नसे.

३/ १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र पालटले. घरी दारू गाळणे गुन्हा ठरले, उत्पादन सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांकडे गेले, ताडीच्या झाडांवरील कर वाढला. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरही निर्बंध आले.

४/ पिणे थांबले नाही. ते दुकानात गेले. दुकानदार पुष्कळदा सावकार आणि जमीनदारही असे. उधारीपोटी आधी धान्य जाई, मग जमीन. तिजोरीत महसूल जमा होत होता आणि आदिवासीच्या घरात कर्ज.

५/ १९२२ च्या प्रारंभी पालघर किनाऱ्यावरील मच्छीमार गावांत देवीच्या साथीला शांत करण्याचे विधी सुरू झाले. अंगात येणाऱ्यांच्या मुखातून देवी बोलू लागली. लाट डोंगराकडे आणि पुढे दक्षिण गुजरातेत पसरली, तसा आदेश ठळक होत गेला: दारू-ताडी सोडा, रोज स्नान करा, दारूविक्रेत्याकडे कामास जाऊ नका.

६/ ९ नोव्हेंबर १९२२ रोजी खानपूर येथे सुमारे २००० आदिवासी 'सलाबाई' देवीचा हा उपदेश ऐकण्यास जमले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला आहे. बाहेरच्या सुधारकाची वाट न पाहता आदिवासींनी स्वतःच आरंभलेली ही चळवळ होती.

७/ मात्र शपथ जमातीची होती. बायकोला होणारी मारहाण हा स्वतंत्र प्रश्न तीत उभा राहिला नाही. तो उभा केला पन्नास वर्षांनी शहाद्याच्या भिल्ल स्त्रियांनी.

८/ १९७२ मध्ये तेथे श्रमिक संघटना स्थापन झाली. मजुरी आणि जमिनीच्या लढ्यात उतरलेल्या स्त्रियांनी शिबिरांत घरचे दुःख बोलून दाखवले. मग त्या गटाने गुत्त्यांत शिरून मडकी फोडू लागल्या. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला गावासमोर माफी मागायला लावू लागल्या. भारतीय दंड विधानात कलम ४९८-अ आले ते त्यानंतर, १९८३ मध्ये.

९/ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगते: ज्यांचे पती वारंवार नशेत असतात, अशा सुमारे ७० टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. पती मुळीच पीत नाही, तेथेही हे प्रमाण सुमारे २३ टक्के आहे.

१०/ म्हणजे दारू मारहाण कैकपटींनी वाढवते, पण तिचे एकमेव मूळ नाही. आज महाराष्ट्रात गावातील स्त्रिया मतदानाने 'बाटली आडवी' करून दुकान बंद पाडू शकतात. ते आवश्यकच आहे. परंतु दुकान बंद झाल्यावरही नवऱ्याला जाब विचारावा लागतो, हे शहाद्याच्या स्त्रियांनी आधीच ओळखले होते.