फलनप्रधान आज्ञावलीरचनेच्या अध्ययनाची उपयुक्तता : ऑस्टिन येथील एका वादाच्या निमित्ताने

एप्रिल २००१ मध्ये एड्सगर डायक्स्ट्रा या ख्यातनाम डच संगणकशास्त्रज्ञांनी ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाच्या बजेट कौन्सिलच्या सदस्यांना एक पत्र लिहिले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकविली जाणारी हॅस्केल ही भाषा वगळून तिच्या जागी जावा आणण्याचा बेत त्यांच्या कानी आला होता. डायक्स्ट्रा त्याच विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक. वाद वरकरणी दोन भाषांचा होता; वस्तुतः तो ज्याला फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणतात त्या फलनप्रधान आज्ञावलीरचनेच्या शिक्षणाचा उपयोग काय, याविषयीचा होता.

या रचनेचे वैशिष्ट्य असे. जावा, सी अथवा फोर्ट्रान यांसारख्या भाषांत आज्ञावली म्हणजे यंत्रास क्रमाने द्यावयाच्या हुकमांची मालिका होय. स्मृतीतील एका कप्प्यास ‘क्ष’ हे नाव द्यावयाचे, त्यात ५ ठेवावयाचे आणि पुढच्याच ओळीत ‘क्ष = क्ष + १’ असे लिहून त्याचे ६ करावयाचे, हा तेथील नित्याचा व्यवहार. बीजगणित शिकलेल्या मुलास हे समीकरण प्रथमदर्शनी खोटेच वाटते, आणि त्याचे वाटणे वावगे नाही. शुद्ध फलनप्रधान भाषेत अशी उलथापालथ नसते. एकदा दिलेले मूल्य बदलत नाही. आज्ञावली फलनांच्या संयोगाने सिद्ध होते. आणि समान पदाच्या जागी समान पद ठेवून, म्हणजे बीजगणिताच्याच रीतीने, तिची यथार्थता तपासता येते. नवशिक्याने यंत्राच्या हालचालींमागे न धावता काटेकोर युक्तिवादाची सवय लावून घ्यावी, हा डायक्स्ट्रा यांच्या आग्रहाचा गाभा होता.

या विचाराचे मूळ इलेक्ट्रॉनिक संगणकाहूनही जुने आहे. अलोंझो चर्च यांनी प्रिन्स्टन येथे १९३० नंतरच्या दशकात लॅम्डा-कलन मांडले, ते तर्कशास्त्रातील प्रश्नांसाठी. पुढे १९५८ पासून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जॉन मॅकार्थी यांनी लिस्प ही भाषा रचली. लिस्पमधील कोणत्याही पदावलीचे मूल्य काढणारे एक फलन त्यांनी लिस्पमध्येच लिहून दाखविले, ते केवळ वाचण्याकरिता. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी तेच आयबीएम ७०४ या यंत्राच्या भाषेत उतरविले, आणि कागदावरची व्याख्या चालू लागली! निरुपयोगी झालेली स्मृती आपोआप परत मिळविण्याची युक्तीही याच कामातून निघाली. जावा त्याच युक्तीवर विसंबून आहे, ही गोष्ट वादाच्या भरात सहज विसरली जाते.

१९७७ साली ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात जॉन बॅकस यांनी रूढ भाषांवर कडक टीका केली. यंत्र आणि स्मृती यांच्यामध्ये एकेका शब्दाची ने-आण करण्यातच आज्ञावलीकाराची बुद्धी अडकून पडते, असा तिचा आशय होता. १९५७ च्या फोर्ट्रानचे जनक ते स्वतःच, म्हणून या टीकेला विशेष वजन आले.

तथापि व्यवहारातील उपयोगाचे ठळक उदाहरण मिळावयास २००४ साल उजाडावे लागले. गूगलच्या जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी त्या वर्षी ‘मॅपरिड्यूस’ ही पद्धती प्रसिद्ध केली, आणि तिची प्रेरणा लिस्प व तत्सम भाषांतील असल्याचे स्पष्ट नमूद केले. हजारो यंत्रांपैकी काही बंद पडणारच. ज्या फलनाचे उत्तर केवळ दिलेल्या सामग्रीवरच ठरते, ते दुसऱ्या यंत्रावर पुन्हा चालविले तरी काही बिघडत नाही. सामायिक कप्पे बदलत राहिले असते, तर ही निश्चिंती दुर्लभच होती.

विरोधी पक्षात तथ्य नव्हते असे नाही. विद्यार्थ्याला नोकरी जावाच्या ज्ञानावर मिळत होती; शिवाय मूल्य गरज पडेपर्यंत न काढण्याच्या हॅस्केलच्या रीतीमुळे आज्ञावलीस किती स्मृती लागेल याचा अंदाज जाणत्यालाही चकवतो. प्रास्ताविक वर्गात अखेर जावाच आली. डायक्स्ट्रा २००२ मध्ये निवर्तले.

पण जावा तशीच राहिली नाही. २००४ मध्ये तिच्यात आलेल्या ‘जेनेरिक्स’च्या घडणीत हॅस्केलच्या रचनाकारांपैकी फिलिप वॅडलर यांचा हात होता, आणि २०१४ च्या आठव्या आवृत्तीत फलने मूल्यांप्रमाणे हाताळण्याची जी सोय आली तिला चर्च यांचेच ‘लॅम्डा’ हे नाव मिळाले. बदलत्या कप्प्यांची रीत मात्र जावात कायम आहे.