चर्चिलचा आवाज, मुंबईचे मैदान आणि कडेगावचा मुलूख : ‘फ्लाइट ६६६’ इतिहासाचे साधन म्हणून कसा पाहावा?

#थ्रेड
१/ १ फेब्रुवारी २००८. मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुलाचे मैदान. रंगमंचावर अंधार आहे. ध्वनिक्षेपकांतून एका वृद्ध इंग्रज राजकारण्याचा आवाज घुमतो. तो आवाज विन्स्टन चर्चिलचा. भाषण ४ जून १९४० चे, डंकर्कच्या माघारीनंतरचे. भाषण संपते, गिटारी कडाडतात आणि हजारो भारतीय तरुण एकाच वेळी आरोळी ठोकतात.

२/ हा कार्यक्रम ‘आयर्न मेडन’ या इंग्रज हेवी मेटल बँडचा. बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने १९७५ मध्ये लंडनमध्ये त्याची स्थापना केली. २००८ च्या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईत फुटला आणि त्या दौऱ्यावर सॅम डन व स्कॉट मॅकफेडियन या कॅनडाच्या दिग्दर्शकांनी ‘फ्लाइट ६६६’ हा चित्रपट केला. तो एप्रिल २००९ मध्ये जगभरच्या चित्रपटगृहांत लागला.

३/ संगीताचे चाहते हा चित्रपट आनंदाने पाहतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो आणखी एका कारणासाठी पाहावा. ज्या काळात चर्चिल पंतप्रधान होता, त्याच काळात कडेगाव, कुंडल, वडूज, इस्लामपूर हा मुलूख त्याच्या सरकारशी झुंजत होता. मग त्याचा आवाज मुंबईत ऐकून उसळलेल्या आनंदाचा अर्थ कसा लावायचा? उत्तराकडे जाण्यापूर्वी दौरा समजून घेऊ.

४/ दौऱ्याचा पहिला टप्पा १ फेब्रुवारी ते १६ मार्च २००८ असा ४५ दिवसांचा. मुंबईत प्रारंभ, टोरांटोत समाप्ती, मध्ये ऑस्ट्रेलिया, जपान, मेक्सिको, दक्षिण अमेरिका. एकूण २३ कार्यक्रम. हे साधले एका बोइंग ७५७ विमानामुळे. मागील भागातील आसने काढून तेथे सुमारे १२ टन साहित्य ठेवले होते. पुढे वादक, तंत्रज्ञ आणि कॅमेऱ्याचे पथक. विमानाचा कप्तान होता बँडचाच गायक, ब्रूस डिकिन्सन. तो अ‍ॅस्ट्रेयस या विमान कंपनीचा परवानाधारक वैमानिक होता.

५/ ही केवळ गंमत नव्हती, त्यामागे हिशेब होता. साहित्य एका मार्गाने आणि माणसे दुसऱ्या मार्गाने पाठवली की दूरच्या शहरांचे दौरे वेळखाऊ आणि खर्चिक होतात. माणसे व साहित्य एकाच वाहनात आले, की मुंबई, बोगोटा, सान होसे ही शहरे एका सलग मार्गावर गुंफता येतात. तमाशाचा फड ट्रकमध्ये तंबू, कनाती, वाद्ये आणि माणसे घालून यात्रेमागून यात्रा गाठतो, त्याच तर्काचा हा हवाई अवतार.

६/ तोपर्यंत बँडचे सहाही सदस्य पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे होते. दौऱ्याचे नावच भूतकाळात डोकावणारे : ‘समव्हेअर बॅक इन टाइम’. १९८४-८५ च्या ‘वर्ल्ड स्लेव्हरी’ दौऱ्याचा इजिप्शियन थाटाचा रंगमंच आणि ऐंशीच्या दशकातील गाणी त्यांनी पुन्हा उभी केली. म्हणजे बँड स्वतःच्याच इतिहासाचे पुनर्दर्शन घडवत होता. मुंबईकर श्रोत्यांसाठी मात्र हे ‘पुन्हा’ नव्हते. जी गाणी त्यांनी कॅसेटवर ऐकली होती, ती ते प्रत्यक्षात प्रथमच ऐकत होते.

७/ मुंबई याआधीही अशा एका चित्रपटात आली होती. २६ मार्च १९८० रोजी ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड धोबी तलावाजवळच्या रंगभवनात वाजला. कार्यक्रमाचे आयोजन ‘टाइम अँड टॅलेंट्स’ या महिलांच्या सेवाभावी मंडळाने केले होते. त्या दौऱ्याचे चित्रण पुढे ‘द पोलीस अराउंड द वर्ल्ड’ या चित्रपटात आले. तेव्हा बँड तरुण होता आणि मुंबई रॉकच्या नकाशावर नव्हती. तिथे वाजवणे हेच एक साहस होते.

८/ १९८० ते २००८ या २८ वर्षांत काय बदलले? १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरू लागला आणि ‘रॉक मशीन’सारखे मुंबईचे बँड स्वतःची गाणी घेऊन उभे राहिले. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि उपग्रह वाहिन्यांतून संगीत घरात आले. एप्रिल २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजले. इस्पितळांच्या शेजारचे रंगभवन ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे मूक झाले आणि मोठे कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलाकडे सरकले. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन प्रथम भारतात आले ते बंगळूरला. पुढच्या वर्षी मुंबई ही जागतिक दौऱ्याची पहिली पायरी ठरली.

९/ आता चित्रपटाच्या रचनेकडे वळू. यातील गाण्यांचे संपूर्ण चित्रण पाहिले, तर १६ गाणी आहेत आणि प्रत्येक गाणे वेगळ्या ठिकाणचे आहे. ‘एसेस हाय’ मुंबईचे, ‘द ट्रूपर’ टोकियोचे, ‘रन टू द हिल्स’ बोगोटाचे, ‘फिअर ऑफ द डार्क’ ब्युनोस आयर्सचे, ‘हॅलोड बी दाय नेम’ टोरांटोचे. गाण्यांचा क्रम एका कार्यक्रमाचा आहे. पण तसा अखंड कार्यक्रम कोणत्याही एका शहराने पाहिलेला नाही.

१०/ साधनचिकित्सेचा पहिला धडा इथेच मिळतो. चित्रण खरे असते, तरी त्याची जुळणी कोणीतरी केलेली असते. बखरकार निरनिराळ्या लढायांतून एक सलग पराक्रमगाथा उभी करतो, तसे संकलक १६ शहरांतून एक आदर्श रात्र उभी करतो. यात फसवणूक नाही. मात्र ‘हे कोठे घडले, केव्हा घडले, शेजारी काय कापले गेले’ हे प्रश्न विचारल्यावाचून अशा साधनावर विसंबता येत नाही.

११/ या चित्रपटाचे बलस्थान वेगळेच आहे. सॅम डन हा मानववंशशास्त्राचा विद्यार्थी. त्याने आधीच्या ‘ग्लोबल मेटल’मध्येही भारतातील चाहत्यांना भेट दिली होती. त्यामुळे कॅमेरा वारंवार रंगमंचाकडून गर्दीकडे वळतो. बोगोटात कार्यक्रमाच्या कितीतरी दिवस आधीपासून मैदानाबाहेर मुक्काम ठोकून बसलेले तरुण दिसतात. ड्रमची एक काठी हाती आल्यावर धाय मोकलून रडणारा चाहता दिसतो. श्रोत्यांची ही नोंद पुढच्या इतिहासकाराला वादकांच्या मुलाखतींहून अधिक उपयोगी पडेल.

१२/ आता पुन्हा त्या आवाजाकडे. ४ जून १९४० रोजी चर्चिलने ते भाषण ब्रिटिश संसदेत केले, पण तेव्हा त्याचे ध्वनिमुद्रण झाले नव्हते. त्या रात्री बीबीसीच्या निवेदकाने त्यातील उतारे वाचून दाखवले. जगाला परिचित असलेले ध्वनिमुद्रण चर्चिलने १९४९ मध्ये केले, म्हणजे युद्ध जिंकल्यावर आणि भारत स्वतंत्र झाल्यावर. ‘१९४० चा’ म्हणून ऐकला जाणारा आवाज वस्तुतः नऊ वर्षांनंतरचा आहे. जुळणी फक्त चित्रपटात नसते. ती स्मृतीतही असते.

१३/ त्या भाषणानंतर सव्वा वर्षाने, ९ सप्टेंबर १९४१ रोजी, चर्चिलने संसदेत स्पष्ट केले की राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाचे वचन देणारी अटलांटिक सनद भारताला लागू नाही. बरोबर एक वर्षाने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, कडेगावच्या उत्तरेस वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी दक्षिणेस इस्लामपुरात पुन्हा गोळीबार झाला. दोन तारखांचा हा योगायोग; मात्र त्यांमागचे राजकारण एकच.

१४/ या रक्तातून सातारचे प्रतिसरकार उभे राहिले. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नेतृत्व, कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे कार्यकर्ते, तुफान सेनेचे तरुण, गावोगावची न्यायदान मंडळे आणि कमी खर्चाचे गांधी विवाह. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा ताब्यात घेण्यात आला. कडेगाव या साऱ्या घडामोडींच्या मधोमध.

१५/ चित्र मात्र एकरंगी नाही. त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांची मुले मराठा पलटणींतून आफ्रिका आणि इटलीत चर्चिलच्याच बाजूने लढत होती. एका घरचा थोरला भाऊ फौजेत आणि धाकटा भूमिगत, अशी ताणाताण या मुलखाने अनुभवली. चर्चिलचा आवाज इथे ऐकायचा, तर या दोन्ही भावांच्या कानांनी ऐकावा लागतो.

१६/ मग मुंबईच्या त्या तरुणांचे चुकले काय? असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. ‘एसेस हाय’ हे गाणे १९४० च्या हवाई युद्धातील वैमानिकांवर आहे. मैदानातील आरोळी गाण्याला होती, साम्राज्याला नव्हती. याच बँडचे ‘रन टू द हिल्स’ अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरील अत्याचारांविषयी आहे आणि ‘द ट्रूपर’ १८५४ च्या क्राइमियातील एका निरर्थक घोडदळी हल्ल्याविषयी. दूरच्या देशातील युद्धगीत आपले मानणे म्हणजे दास्य पत्करणे नव्हे.

१७/ याचा पुरावा सांगली जिल्ह्याच्या मातीतच आहे. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी महायुद्धाच्या काळात ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. व्होल्गेच्या काठावरील लढाई त्यांनी डफ-तुणतुण्यावर मुंबईच्या कामगारांपर्यंत नेली. स्टालिनग्राड त्यांनी तोवर पाहिलेही नव्हते. लंडनच्या आकाशातील लढाई गिटारीवर मुंबईला येणे आणि रशियातील लढाई पोवाड्यातून गिरणगावात जाणे, या दोन्ही प्रवासांची जातकुळी एक आहे. गाणे सीमा ओलांडते. अर्थ ऐकणारा लावतो.

१८/ फरक आहे तो नोंदीचा. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी महाराष्ट्र पिंजून काढला. तोही दौराच होता, तीही गर्दीच होती. पण त्यांच्यासोबत रोज चित्रण करणारे पथक नव्हते. आज आपल्यापाशी छापील पोवाडे आहेत, काही ध्वनिमुद्रणे आहेत, सहकाऱ्यांच्या आठवणी आहेत. समोर बसलेल्या माणसांचे चेहरे नाहीत.

१९/ तमाशाचे फडही दसऱ्याला बाहेर पडतात आणि गावोगावच्या यात्रा करत हंगाम पुरा करतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात त्यांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी तेथे जाऊन सुपारी देतात. छायाचित्रकार संदेश भंडारे यांच्यासारख्या मोजक्यांनी या जगाची नोंद केली. पण ४५ दिवस फडासोबत राहून ट्रकची चाके, रात्रीचा वग आणि पहाटेची आवराआवर टिपण्याचे काम अजून पुष्कळ बाकी आहे. ज्याच्याजवळ विमान, त्याची नोंद; ज्याच्याजवळ ट्रक, त्याची आठवण. इतिहासात हा असमतोल असाच साचत जातो.

२०/ म्हणून ‘फ्लाइट ६६६’ अवश्य पाहा आणि पाहताना तीन प्रश्न जवळ ठेवा : आवाज कोणाचा आणि तो केव्हा नोंदला गेला? दृश्ये कोणी, कोठून जुळवली? आणि त्याच काळात कोणाच्या गाण्यासमोर कॅमेरा नव्हता?

२१/ तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कडेगाव परिसरातील तरुणांच्या हाती आहे. पंचक्रोशीत जुना शाहीर, ढोलकीवाला, फडाचा ट्रक चालवलेला माणूस अजून असेल. खिशातील मोबाइल हा कॅमेराही आहे आणि ध्वनिमुद्रकही. त्यांच्या संमतीने त्यांचे बोलणे, गाणे आणि दौऱ्यांच्या वाटा नोंदवून ठेवा; नोंदीवर तारीख आणि गाव न विसरता लिहा. चर्चिलला आपला आवाज नऊ वर्षांनी पुन्हा नोंदवता आला. प्रत्येकाला तेवढा अवधी मिळत नाही.

(समाप्त)