राजभाषा कोणाची?

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि २६ जानेवारी १९६५ पासून अंमलात आला. देवनागरी लिपीतील मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. इंग्रजीच्या जागी लोकभाषा आली, ही घटना निःसंशय ऐतिहासिक होती. परंतु भाषा लोकांची झाली म्हणजे कारभारही लोकांचा झाला काय?

हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ सालीच भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तिकेत उपस्थित केला होता. एक राज्य, एक भाषा हे तत्त्व त्यांना मान्य होते. पण भाषिक राज्यात बहुसंख्य जातीची सत्ता दलितांवर बसेल, हा धोकाही त्यांनी दाखविला होता.

मुंबईच्या उपनगरांत हा धोका कागदावर उतरला. १९५० साली अंधेरी व घाटकोपर, १९५७ साली बोरीवली व मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आली. मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आलेला आमचा माणूस टेकड्यांवर आणि नाल्यांच्या काठी वसला. त्याची भाषा मराठीच. तरीही त्याला आलेली नोटीस त्याला कळत नव्हती. १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६२ साली पदनाम कोश आला. कचेरीची मराठी संस्कृताच्या सोवळ्यात घडली. झोपडी पाडणे हे तिथे 'निष्कासन' होते. आमच्या चळवळीने 'निर्मूलन' हा शब्द जातीसाठी राखला. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याने तो वस्तीसाठी वापरला!

शिवाय उपनगरांतला दलित केवळ मराठी बोलणारा नाही. गुजराती बोलणारा मेघवाळ, तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारा सफाई कामगार याच शहराचा मैला उचलतो. महापालिकेने आठ भाषांतून शाळा चालविल्या, हे तिचे श्रेय. पण मुलाला शाळेत मिळालेली भाषा बापाला खिडकीवर मिळाली नाही.

वास्तविक संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र उत्तर त्याच भाषेत मिळेल, असे तो अनुच्छेद म्हणत नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने १९८६ साली कायदा करून ठराविक भागांतील फ्रेंच भाषकांना प्रांतिक सरकारी सेवा त्यांच्या भाषेत मिळण्याचा हक्क दिला. तिथे हक्क बोलण्यापुरता नाही, उत्तर मिळण्याचाही आहे.

आपल्याकडे स्थानिक प्राधिकरणांसाठी स्वतंत्र राजभाषा कायदा व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. त्याचे स्वागत करू. पण मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढे सांगावे: ही मराठी वस्तीतल्या बाईला समजेल अशी असणार की तिला गप्प बसविणारी? आणि तिच्या तमिळ शेजारणीला उत्तर कोण देणार? वस्तीवस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आता अर्जाबरोबर उत्तराची भाषाही मागितली पाहिजे.