बाईकचं सिम्युलेटर कारसारखं का जमत नाही?

वाळूज एमआयडीसीत शिफ्ट सुटली की बजाजनगरचे रस्ते बाईकनी भरून जातात. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 चा. पण इथल्याच एखाद्या पोराने सिम रेसिंग सुरू करायचं म्हटलं, तर तो विकत आणतो कारचं स्टिअरिंग आणि पेडल. हॅण्डल नाही. असं का?

आधी एक फरक. 1991 चा 'रोड रॅश' हा गेम होता : लाथ मारा, दंडुका फिरवा, पळा. सिम्युलेटर मात्र प्रत्येक टायरवरचा भार आणि पकड सेकंदाला शेकडो वेळा मोजतो. स्टिअरिंगमधली मोटर तो हिशोब हाताला कळवते. पुढच्या टायरची पकड सुटली की स्टिअरिंग हलकं पडतं. ड्रायव्हर एरवीही सीटला बांधलेलाच असतो, त्यामुळे एवढ्यावर बरंच भागतं. 2008 मध्ये 'ग्रॅन टुरिझ्मो' खेळून निस्सानची स्पर्धा जिंकलेला स्पेनचा लुकास ऑर्दोन्येझ 2011 ला खऱ्या ल मान्सच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला.

बाईकवर स्वार बांधलेला नसतो. वेगात डावीकडे वळायचं तर हॅण्डलची डावी बाजू किंचित पुढे ढकलावी लागते, तेव्हा बाईक डावीकडे झुकते. आपण हे रोज करतो, फक्त लक्षात येत नाही. गेममध्ये काडी डावीकडे ढकलली की पुरे, उरलेलं सॉफ्टवेअर करतं.

मग झुकणारी सीट बनवावी? बनवतात, पण खरी अडचण तिथेच येते. खऱ्या वळणावर बाईक 60 अंश झुकली तरी स्वार सीटवर सरळ दाबला जातो, कारण वेगामुळे बाहेर फेकणारा जोर आणि वजन यांचा तोल साधलेला असतो. खोलीत उभ्या यंत्राला वेगच नाही. तिथे 60 अंश झुकलात तर सरळ खाली पडाल.

म्हणून 2017 पासूनची मोटोजीपीची ई-स्पोर्ट स्पर्धाही गेमपॅडवरच रंगते. त्यातून वळणांचा क्रम आणि ब्रेकच्या जागा पाठ होतात, आणि तेही कमी नाही. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली. त्याआधी जूनमध्येच 'मोटोजीपी 23' या गेममध्ये ते सर्किट आलं होतं. म्हणजे घरी बसलेली पोरं तिथे मार्को बेझेक्कीच्या आधी फिरून आली होती. खरी शर्यत जिंकली ती मात्र बेझेक्कीनेच.