पाच पायऱ्या आणि एक खुर्ची

कॉर्पोरेट ट्रेनिंगला बसलेल्या बऱ्याच जणांनी तो आलेख पाहिला असेल. कंपनीत काही मोठा बदल व्हायचा असला की स्लाइडवर एक वाकडी रेघ येते. आधी नाकारणं, मग राग, मग सौदेबाजी, मग नैराश्य आणि शेवटी स्वीकार. नवी सिस्टिम येणार, टीम बदलणार, लोक या पाच पायऱ्यांवरून जाणारच, तेव्हा मॅनेजरने घाबरू नये! आपण चहाच्या ब्रेककडे डोळे लावून ते बघतो आणि विसरून जातो. या पायऱ्या मरणाच्या दारातल्या माणसांशी बोलून सापडल्या होत्या, हे मात्र स्लाइडवर नसतं.

गोष्ट १९६५ सालची, शिकागोतली. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मूळच्या झ्युरिकच्या मानसोपचारतज्ज्ञ तिथल्या बिलिंग्ज हॉस्पिटलमध्ये काम करत होत्या. धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी त्यांच्याकडे आले. माणसाच्या आयुष्यातल्या संकटांवर त्यांना लिहायचं होतं आणि मृत्यूएवढं मोठं संकट दुसरं कोणतं? बाई म्हणाल्या, मग मरणाऱ्यांनाच विचारू या.

पण मरणारं माणूस सापडेना. एवढं मोठं हॉस्पिटल, पण वॉर्डावर विचारलं की डॉक्टर म्हणत, पेशंट फार थकलाय, त्याला बोलायचं नाहीये, आमच्याकडे तसं कोणी नाही. यात नवल नव्हतं. १९६१ साली शिकागोतल्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलमधल्या २१९ डॉक्टरांना विचारलं होतं, तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सर झाल्याचं पेशंटला न सांगण्याकडे होता.

शेवटी एक म्हातारा भेटला. त्याला लगेच बोलायचं होतं. बाईंनी सांगितलं, उद्या विद्यार्थ्यांना घेऊन येते. दुसऱ्या दिवशी सगळे गेले, तर त्याच्यात बोलायचं त्राण उरलं नव्हतं. प्रयत्न केल्याबद्दल त्याने आभार मानले आणि तासाभराच्या आत तो गेला. जे सांगायचं होतं ते त्याच्याबरोबरच गेलं. हा प्रसंग बाईंनी स्वतःच पुस्तकात लिहून ठेवलाय.

त्यानंतर मात्र त्या थांबल्या नाहीत. पेशंटची परवानगी घ्यायची, शेजारी बसायचं, विचारायचं. एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेमागे बसून विद्यार्थी, नर्सेस, पाद्री ऐकत. दोनशेहून जास्त पेशंटशी बोलून झाल्यावर १९६९ मध्ये 'ऑन डेथ अँड डाइंग' आलं. पाच पायऱ्या त्यातल्याच. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट : कोणी सांगितलेलं असो वा नसो, बहुतेक पेशंटना आपल्याला काय झालंय हे ठाऊक होतं. ते फक्त कोणीतरी विचारायची वाट बघत होते.

आता आपण इंजिनिअर लोक. स्टेट डायग्राम दिसला की खूश! एका चौकटीतून बाण निघतो आणि दुसरीत जातो. पण बाईंनी त्याच पुस्तकात लिहिलंय की या अवस्था कमीजास्त टिकतात, कधीकधी शेजारीशेजारी नांदतात आणि आशा तर शेवटपर्यंत राहते. पुढे अनेक संशोधकांनी तपासलं, तेव्हा सगळे याच क्रमाने जातात असं काही दिसलं नाही. तरी लक्षात राहिली ती शिडीच. 'तू अजून डिनायलमध्ये आहेस' हे आजारी माणसाला ऐकवायची सोय झाली. म्हणजे ज्या कामाची सुरुवात ऐकण्यातून झाली, तेच आता न ऐकण्यासाठी वापरायचं.

खुद्द बाईंना १९९५ साली पक्षाघात झाला. पुढची नऊ वर्षं त्यांनी बरीचशी परावलंबी अवस्थेत काढली आणि २००४ मध्ये त्या गेल्या. या काळात त्या चिडायच्या, देवावरही. आणि ते त्यांनी मुलाखतींत लपवलं नाही. पाच पायऱ्या लिहिणाऱ्या बाईंनाही त्या शहाण्यासारख्या ओळीने चढता आल्या नाहीत, हे वाचून मला तरी बरंच हायसं वाटलं.

अमेरिकेत डॉक्टर बदलले. १९७९ साली एका हॉस्पिटलमध्ये तीच प्रश्नावली पुन्हा दिली, तर ९७ टक्के डॉक्टर पेशंटला सांगण्याच्या बाजूचे निघाले. याचं सगळं श्रेय एका पुस्तकाला देता येणार नाही. उपचार सुधारले होते, पेशंटच्या हक्कांची चर्चा वाढली होती. पण त्या पुस्तकाचा वाटाही होताच.

आणि आपल्याकडे? १९७१ च्या 'आनंद'मधल्या नायकाला सगळं माहीत असतं. आपल्या घरांत मात्र अजूनही रिपोर्ट आधी मुलगा वाचतो आणि डॉक्टरांना बाहेर गाठून सांगतो, 'बाबांना एवढ्यात काही बोलू नका हं.' मग बाबांना परळला टाटा हॉस्पिटलमध्ये नेतात आणि 'साधी गाठ आहे' म्हणून सांगतात. १९४१ पासून उभ्या असलेल्या त्या हॉस्पिटलचं नाव महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? बाबांना कळलेलं असतं. आईलाही. सगळे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसतात आणि सगळ्यात एकटा पडतो तो पेशंट.

सगळंच धाडकन सांगून टाकावं, असं माझं म्हणणं नाही. बाईही तसं म्हणत नव्हत्या. किती ऐकायचं ते पेशंटला ठरवू द्यावं, एवढंच. त्यासाठी पाच पायऱ्या पाठ नसल्या तरी चालतील. खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं, 'बाबा, तुम्हाला काय वाटतंय?' आणि हे उद्यावर ढकलायचं नाही.