श्रीलंका समजून घेताना : ‘बौद्ध राष्ट्र’ या शब्दाच्या पलीकडे

श्रीलंका म्हटले की आपल्याला महेंद्र-संघमित्रा, अनुराधापूरचा बोधिवृक्ष आणि अनागारिक धर्मपाल आठवतात. १९५० मध्ये बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते. त्यामुळे हा देश आपल्याला घरचाच वाटतो, आणि तिथल्या राजकारणात आपण सहज बौद्धांची बाजू घेऊन मोकळे होतो.

पण आपला बौद्ध आणि तिथला बौद्ध यांची सामाजिक जागा एक नाही. आपण जातिव्यवस्था नाकारून धम्मात आलो आणि इथे अल्पसंख्य आहोत. तिथे बौद्ध सुमारे ७० टक्के आहेत, बहुतेक सिंहली आहेत आणि राज्यघटनेच्या कलम ९ ने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आहे. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली, तेव्हा तमिळ तरुणांची सरकारी नोकरीची वाट अवघड झाली. पंतप्रधान बंडारनायके यांनी १९५७ मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी समझोता केला. भिक्खूंनी घरासमोर धरणे धरल्यावर पुढच्याच वर्षी तो त्यांनी मोडला. १९८३ ते २००९ च्या यादवी युद्धाची मुळे इथपर्यंत जातात.

जातीचे काय? कँडीच्या दंतधातू विहाराची धुरा सियाम निकायाच्या महाथेरांकडे आहे. १७५३ मध्ये सुरू झालेल्या या निकायाची उपसंपदा लवकरच गोविगाम या वरच्या जातीपुरती राखली गेली. ज्यांना दार बंद झाले ते ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेऊन आले. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरपुर निकाय उभा राहिला. (चिवर एकच, पण निकाय विचारला की बरेच कळते.)

आमच्या मते आंबेडकरी कार्यकर्त्याने सुरुवात चहाच्या मळ्यांपासून करावी. इंग्रजांनी तमिळ प्रदेशातून नेलेल्या या मजुरांत दलित जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील लाखो लोक बिनदेशी झाले. नागरिकत्वाचा हा प्रश्न सुटायला अनेक दशके गेली.

याचा अर्थ प्रत्येक सिंहली बौद्ध कट्टर आहे, असा नव्हे. २०२२ च्या आंदोलनात सिंहली, तमिळ, मुस्लिम आणि भिक्खूही राजपक्षे सरकारविरुद्ध एकत्र रस्त्यावर होते. बाहेरून पाहणाऱ्याने हे दोन्ही ध्यानात ठेवावे.

धम्मसहलीला जाणाऱ्यांनी जाफनाचे, १९८१ मध्ये जाळले गेलेले आणि पुन्हा बांधलेले ग्रंथालयही पाहावे. तेवढे जमले नाही, तरी कँडीहून नुवारा एलियाला जाणारी बस मळ्यांमधूनच जाते. तिथल्या मजूर वस्तीत उतरून तासभर बोलता येईल.