प्रश्न उरले, उत्तरे गेली

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की पाथरीतल्या आया लेकराचा हात धरून येतात आणि विचारतात, "सर, याला उर्दूत घालू की मराठीत? भलं कशात होईल?" मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून मला विचारतात. मी काहीतरी सांगतो. प्रश्न तिथेच विरून जातो.

असेच प्रश्न वायव्य ग्रीसमधल्या दोदोना इथे झ्यूस देवाला विचारले जात. इ.स.पूर्व सहाव्या ते दुसऱ्या शतकापर्यंत लोक आपला प्रश्न शिशाच्या पातळ पट्टीवर कोरत आणि तिची घडी घालत. अशा चार हजारांहून अधिक पट्ट्या उत्खननात मिळाल्या. लिसानियास विचारतो, अन्नुलाच्या पोटातले मूल माझे आहे का? कुणाची अंथरुणे-उशा गेल्यात. बाहेरच्याने चोरल्या का? मेंढ्या पाळणे फायद्याचे ठरेल का? गुलामही आपल्या सुटकेविषयी विचारतात. "असे केले तर भले होईल का," हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे मात्र फारच थोडी सापडली. 2023 मध्ये युनेस्कोने या पट्ट्यांची 'जगाची स्मृती' नोंदवहीत नोंद केली.

आपल्याकडे कोकणात गुरव देवाच्या मूर्तीला कळ्या किंवा तांदूळ लावून कौल घेतो. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. हा 'कौल' अरबी 'क़ौल'पासून आला. अर्थ बोल, वचन. गाव सोडून गेलेल्या रयतेला सवलतीचे वचन देऊन परत आणणारा सरकारी कागदही कौलच, आणि आज मतदारही कौलच देतात. अरबी शब्द कोकणातल्या देवळात असा रुळला की तो कुठून आला, हे कुणी विचारत नाही.

इस्लाममध्ये बाण टाकून शकुन पाहायला मनाई आहे. सूरह माइदामध्ये तसे स्पष्ट सांगितले आहे. अडलेल्याने दोन रकात नमाज पढून इस्तिखाऱ्याची दुआ मागावी. तरीही हाफिजच्या दीवानातून फाल काढण्याची रीत चालतच राहिली. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयातल्या एका दीवानाच्या समासात हुमायूँ आणि जहांगीर यांनी फाल काढल्याच्या नोंदी स्वतःच्या हाताने केल्या आहेत.

म्हणजे बादशहांची काळजी कागदावर राहिली. कौल मागणारी कोकणातली बाई, इस्तिखारा करणारा पाथरीचा विणकर किंवा शेतमजूर, यांचे प्रश्न तोंडीच राहिले आणि माणसाबरोबर गेले. या चालीरीतींना अंधश्रद्धा ठरवणे सोपे आहे. मलाही कौलाने निर्णय घेणे पटत नाही. पण माणूस काय विचारत होता, यावरून त्याची भीती, त्याची गरज आणि त्याचा काळ कळतो. आपल्या समाजाविषयी अहवाल पुष्कळ निघाले. त्यात आकडे आहेत. आईचा प्रश्न तिच्या शब्दांत नाही.

यंदा जूनपासून मी एक वही ठेवली आहे. नाव लिहीत नाही. फक्त तारीख आणि प्रश्न. पहिल्याच पानावर लिहिले आहे: उर्दूत घालू की मराठीत?